दुसरा हिवाळा

पडद्यावर ते नाव आलं तेव्हा इरावतीचं लक्ष समोर नव्हतं. सभागृहातल्या एसीचा झोत नेमका तिच्या मानेवर येत होता आणि पर्समधला स्टोल काढून तो खांद्यांभोवती घ्यायच्या खटपटीत ती होती. घाटकोपरच्या त्या विद्यापीठाने ‘संशोधन, समाज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर महिनाभर दर शनिवारी एक कार्यक्रम ठेवला होता. पर्यावरणशास्त्राची विभागप्रमुख नेत्रा ही एके काळची इरावतीची विद्यार्थिनी. तिने फोन करकरून बोलावलं म्हणून ती मुलुंडहून आली होती आणि पहिल्या रांगेत बसवलं म्हणून बसली होती. व्यासपीठावर नेत्राची संशोधक विद्यार्थिनी मानसी लॅपटॉपपाशी उभी राहून, जुने संदर्भ धुंडाळायला हे यंत्र कसं उपयोगी पडतं ते दाखवत होती. “आज इरावती मॅडम आपल्यात बसल्यात,” ती म्हणाली, “खाडीच्या चिखलात ज्यांनी अख्खं आयुष्य काढलं. तर त्यांच्याच कामाबद्दल विचारू या ना याला.” टाळ्या पडल्या. इरावतीने मान वर केली, थोडं ओशाळून हसली. पडद्यावर अक्षरं भराभर उमटत होती. तिच्या शोधनिबंधांची नावं येत होती, सगळी ओळखीची, सगळी ‘आय. गुप्ते’ या नावाने छापलेली. आणि मग खाली एक ओळ आली. सबनीस आणि वैती, १९८९. ठाणे खाडीतील खुब्यांची चिखलातील खोली: दोन हिवाळ्यांची निरीक्षणे.

ओळ तिने पुन्हा वाचली. खुबे म्हणजे चिखलात पुरून राहणारी जाड कवचाची शिंपली. थंडी पडली की ती आणखी खाली सरकतात का, हा प्रश्न मार्तंड वैतीचा होता, आणि तो प्रश्न घेऊन ती आणि तो एक हिवाळा खाडीत उतरले होते. एकच हिवाळा. दुसरा यायच्या आत, शहाऐंशीच्या पावसाळ्यात, मार्तंड काविळीने गेला. एकोणनव्वद साली ती सबनीस राहिली नव्हती, लग्न होऊन गुप्ते झाली होती. असा निबंध कुणी लिहिला नव्हता. त्या दोघांची नावं एका ओळीत यायचा प्रसंगच कुठल्या कागदावर आला नव्हता. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, मानसीने बटण दाबलं, ओळ वर सरकली आणि पडद्याच्या कडेतून दिसेनाशी झाली. एसीचा झोत आता मानेवर लागत नव्हता, किंवा लागत असेल तर तिला कळत नव्हतं. स्टोल मांडीवरच राहिला.

चहाच्या वेळी मानसी कागदी कप सांभाळत तिच्यापाशी आली. “मॅडम, ॲक्च्युअली मला तुम्हाला भेटायचंच होतं. तो एकोणनव्वदचा पेपर आहे ना, वैतींबरोबरचा, तो मी थीसिसमध्ये घेतलाय. तेव्हा खुबे किती खोल सापडायचे आणि आता किती, सगळी तुलना त्याच्यावरच उभी आहे. पण मूळ पेपर कुठेच मिळत नाहीये. तुमच्याकडे प्रत असेल का?”

“तुला कुठे मिळाला तो?”

“ह्यानेच दिला. सारांश पण दिला, आकड्यांसकट. जर्नल बंद पडलंय बहुतेक. जुनं ना.”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. इरावतीने चहाचा घोट घेतला. चहा फार गोड होता आणि तो गिळेपर्यंत जो वेळ गेला त्यात तो शब्द कुठेतरी राहून गेला. “असेल,” ती म्हणाली. “शोधावा लागेल.”

“थँक्यू मॅडम! वाट लागली होती माझी.” मानसीने तिचा हातच धरला. “आणि वैती सर? ते कुठे असतात आता?”

“ट्रॉम्ब्याला,” इरावती म्हणाली.

एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले होते, त्यांच्या कडेकडेने रिक्षा सरकत होती आणि इरावतीला स्वतःच्याच आवाजातला तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. तो तसा खोटाही नव्हता. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातला मार्तंड ट्रॉम्ब्यालाच राहिला होता, पुढे कुठे गेला नव्हता. ती पीएचडीला ज्या प्रयोगशाळेत आली तिथे तो आधीपासून होता. वर्गात शिकल्यासारखं त्याचं काहीच नसायचं, सगळं गप्पांमधून यायचं, आणि लिहायचा त्याला भयंकर कंटाळा. “लिहायचं तू, चिखल माझा,” असं त्याने पहिल्याच दिवशी वाटून टाकलं होतं. त्या पहिल्या दिवशी तिने साडी खोचून, नवे कोरे गमबूट घालून ओहोटीच्या चिखलात पाय टाकला होता, आणि पाय उचलला तर बूट चिखलातच राहिले, पाय तेवढा बाहेर आला. मार्तंड इतका हसला की हसता हसता स्वतःच बसकण मारून खाली बसला. मग म्हणाला, पाय टाकायचा नाही, सरकवायचा, बदकासारखी चाल जरा. ती बदकासारखी चालली. वरचा चिखल उन्हाने कोमट असायचा आणि घोट्याच्या खाली गेलं की एकदम गार, जणू खाली दुसराच ऋतू आहे. सडक्या अंड्यासारखा तो वास घरी गेल्यावर केसांतून यायचा आणि आई नाक मुरडायची. पुढे पुढे तो वास जाऊ नये म्हणून इरावती संध्याकाळचं डोकं धुणं दुसऱ्या दिवसावर ढकलू लागली, ते मात्र आईला कळलं नाही. लोखंडी चौकट चिखलावर ठेवायची, आणि चौकटीतला चिखल मार्तंडने हाताने चाचपायचा. खांद्यापर्यंत हात आत, गाल जवळजवळ चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले. बोटांना खुबा लागला की तो खोली मापून आकडा सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. तो डोळे मिटून चाचपत असताना त्याच्याकडे हवं तितका वेळ बघता यायचं. त्याच्या पापणीवर चिखलाचा ठिपका असायचा, कधी कानात. तो अख्खा हिवाळा तिने असा बघण्यात घालवला.

बोलणं असं काही झालं नव्हतं. शेवटच्या फेरीनंतर ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवर दोघं पाय धूत बसली होती तेव्हा त्याने विचारलं होतं, “पुढच्या थंडीत पण येशील ना?” ती म्हणाली, “न येऊन सांगते कुणाला. थीसिस माझाच आहे.” तो पायावर पाणी ओतत राहिला आणि म्हणाला, “थीसिसचं नाही विचारत मी.” तेवढ्यात वरून कुणीतरी त्याला हाक मारली, होडी ओढायला हात हवा होता, आणि तो ओल्या पायांनी पळत गेला. उत्तर देऊ, पुढच्या थंडीला वेळ आहे, असं तिला वाटलं होतं. मग पावसाळ्यात एक दिवस प्रयोगशाळेत कुणीतरी सहज म्हणालं, “वैती गेला ना, कळलं?” ती मीठ तोलत होती. तिने तोलणं पुरं केलं, आकडा लिहिला आणि तराजू पुसून ठेवला.

ट्रॉम्ब्याला ती एकदा गेली. दारात त्याची आई, सगुणाबाई, मासळीची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. “कोन गो बाय तू?” तिने विचारलं. त्या प्रश्नाला जे खरं उत्तर होतं त्याला नाव नव्हतं, म्हणून इरावती म्हणाली, “मी बरोबर काम करायचे. लॅबमध्ये.”

“चिखलान उतरते, ती?”

“हो.”

“तो सांगं,” सगुणाबाई म्हणाली. एवढंच. मग तिने इरावतीचा हात हातात घेऊन उलटा केला आणि नखं बघितली. प्रयोगशाळेत गाळाचे नमुने चाळून नखांत काळी रेघ बसलेली होती. “ह्यो जात नाय गो लवकर,” ती म्हणाली आणि हात सोडून दिला. आत बायका होत्या, त्यांनी चहा आणून दिला, आणि इरावती कुणाची कोण म्हणून बसली आहे हे कुणी विचारलं नाही. चहा संपल्यावर तिथे बसायला तिच्याकडे काहीच कारण उरलं नव्हतं.

घरी शरच्चंद्र टीव्ही लावून मटार सोलत बसला होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून भाज्या निवडायचं काम त्याने आपणहून घेतलं होतं. “कसा झाला गं कार्यक्रम?”

“माझ्या नावावर एक पेपर दाखवला त्यांनी. मी न लिहिलेला.”

“म्हणजे फुकटात पेपर. झकास की!” तो हसला. “एकटीच्या नावावर?”

“नाही. मार्तंड वैती आणि मी.”

“वैती म्हणजे तो काविळीचा?” शरच्चंद्रला तेवढं ठाऊक होतं. लग्न ठरताना इरावतीनेच सांगितलं होतं की बरोबर काम करणारा एकजण अकाली गेला, म्हणून थीसिसला उशीर झाला. “अरेरे. मग सांगितलंस ना, की असा काही पेपर नाही म्हणून?”

“सांगीन.”

त्याने तिच्याकडे बघितलं. एक शेंग हातातच राहिली. मग ती फोडून त्याने दाणे भांड्यात टाकले आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. तिला वाटलं, हा आता काही विचारेल. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. पण शरच्चंद्रला न विचारता बाजूला सरकून जागा करून द्यायची सवय होती, आणि इतकी वर्षं त्या सवयीच्या आधाराने त्यांचा संसार चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी मानसीने व्हॉट्सॲपवर त्या निबंधाचा सारांश पाठवला. ‘हा बघा मॅडम, शोधायला बरं पडेल.’ इंग्रजी अगदी घोटीव होतं, मार्तंडला तसं कधी जमलं नसतं आणि तिलाही त्या वयात जमलं नसतं. पहिल्या हिवाळ्यात लेखकांना असं आढळलं. दुसऱ्या हिवाळ्यात लेखकांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी केली. लेखकांच्या मते. लेखकांनी सुचवलं. आकड्यांवरून तिची नजर नुसती घसरत गेली, पण ‘लेखक’ या शब्दापाशी दर वेळी थबकली. एका अनेकवचनात दोघं होती. कुणाला न विचारता, कुणाची परवानगी न घेता, दोघांना मिळून काहीतरी आढळत होतं, दोघं मोजत होती, सुचवत होती. तिने तो सारांश इतक्या वेळा उघडला की अंगठा आपोआप तिथे जाऊ लागला.

आणि मग ती तो दुसरा हिवाळा जुळवू लागली. आधी जाणूनबुजून, गंमत म्हणून, पोळ्या लाटताना, बँकेत टोकन हातात घेऊन बसलेली असताना. कावीळ उतरली असती. तो खूप वाळला असता. डोळ्यांतला पिवळेपणा डिसेंबरपर्यंत थोडा राहिलाच असता. आईने बळेच तपकिरी स्वेटर घालायला लावला असता आणि तो चिखलात बाही वर सारताना कुरकुरला असता. त्याला खांद्यापर्यंत हात घालू द्यायचा नाही म्हणून ती भांडली असती, चौकटीत तिने हात घातला असता, आणि आकडे त्याने लिहिले असते, वेडेवाकडे. मग सत्त्याऐंशी आलं असतं. घरी वडिलांनी अबोला धरला असता. अठ्ठ्याऐंशीत शरच्चंद्रच्या घरचा निरोप आला असता तेव्हा तिने नाही म्हटलं असतं, कारण एकोणनव्वदमध्ये ती अजून सबनीस होती, तसं छापलंच होतं. त्या यंत्राने लग्न लावलं नव्हतं, मोडलंही नव्हतं. त्याने फक्त तिला तिच्या जुन्या नावानिशी तीन वर्षं पुढे नेऊन ठेवलं होतं, आणि ती तीन वर्षं भरून काढायचं काम तिच्यावर सोडलं होतं. शरच्चंद्र आंघोळीला गेला की ती ते काम करायची. तो बाहेर आला, पंचाने डोकं पुसत “माझी गोळी कुठेय गं?” म्हणाला, की तिला परत यायला क्षणभर लागायचा, आणि त्या क्षणात समोरचा हा सज्जन म्हातारा माणूस आपल्या घरात कसा, असं तिला वाटून जायचं.

मुलुंड पूर्वेला हायवेच्या पलीकडे मिठागरांच्या बाजूला रस्ता संपतो. एका दुपारी, भाजी आणायला म्हणून निघालेली इरावती भाजीवाल्यांना मागे टाकून तिथपर्यंत गेली. ओहोटी असावी. वाऱ्यावर तो वास आला, हलका, पण तोच. ती कठड्यापाशी उभी राहिली आणि खेकड्याची आठवण आपसूक आली. चाचपताना मार्तंडच्या बोटाला खेकड्याने धरलं होतं. तो ओरडला, हात बाहेर काढला, चिखलातून लाल धार ओघळली, तिने आपला निळ्या काठाचा रुमाल त्या बोटाला बांधला आणि तो म्हणाला, “हा रुमाल आता परत मिळायचा नाही.” इरावती एकटीच हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की रुमाल बांधताना त्याच्या मनगटाशी तपकिरी लोकर आहे. बाही वर सारलेला स्वेटर. आणि वर बघितलं तर त्याचे डोळे पिवळट आहेत.

तो स्वेटर कधीच नव्हता. तो तिनेच त्याला घातला होता, याच आठवड्यात, पोळ्या लाटताना. खेकडा पहिल्या हिवाळ्यातला होता, खरा होता, रुमाल खरा होता. त्या दिवशी मार्तंडने शर्ट घातला असणार. कुठला? पांढरा? चौकड्यांचा? ती डोळे मिटून तो स्वेटर काढू बघू लागली, पण तो निघेना. चेहरा सरळ करायला गेली तर कपाळ थोडं रुंद झालेलं दिसलं, केस मागे हटलेले, एकोणनव्वदच्या माणसाचे. घाबरून ती जेट्टीवर गेली. मनातल्या मनात धावतच गेली. तिथे दोघं पाय धूत बसली होती, पाणी होतं, संध्याकाळ होती, मार्तंड तांब्याने पायावर पाणी ओतत होता. ती वाट बघत राहिली. त्याने विचारलं नाही. पुढच्या थंडीत येशील ना, हे त्याने विचारलंच नाही. कशाला विचारेल? पुढची थंडी येऊन गेली होती, त्याने तिला दोन हिवाळे बघितलं होतं, आता विचारायचं काही उरलं नव्हतं. तो तृप्त माणसासारखा पाय धूत होता. इरावतीने कठडा घट्ट धरला. आयुष्यात एका माणसाने एकदाच तिला एक गोष्ट विचारली होती, आणि ती आता ऐकू येत नव्हती. शेजारून जाणाऱ्या एका बाईने थांबून विचारलं, “काकी, बरं वाटत नाही काय? रिक्षा बोलवू?” ती मान हलवून नाही म्हणाली. मागे हायवेवरून गाड्या जात होत्या. ती तिथेच उभी राहून, लहान मुलाला शिकवावं तसं, पुटपुटत राहिली: एकच हिवाळा होता. पावसाळ्यात तो गेला. एकच होता. बऱ्याच वेळाने, फार लांबून, पाण्याच्या आवाजाखालून त्याचा आवाज आला, पण तो त्याचाच होता की तिने स्वतःच त्याच्या आवाजात म्हटलं, हे तिला सांगता आलं नसतं.

तिथूनच तिने मानसीला फोन लावला. “मानसी, तो पेपर नाहीये.”

“सापडत नाही का मॅडम? काही हरकत नाही, मी अजून…”

“सापडत नाही असं नाही. नाहीच आहे. आम्ही लिहिला नव्हता. मार्तंड वैती शहाऐंशीत गेले.”

पलीकडून मानसीचा आवाज आला, आता जरा वेगळा. “पण मॅडम, तुम्ही त्या दिवशी असेल म्हणालात.”

“म्हणाले.”

“मी चौथं चॅप्टर पूर्ण लिहिलं त्याच्यावर. नेत्रा मॅडमना दिलं पण. आणि तुम्ही म्हणालात ट्रॉम्ब्याला असतात.” ती चिडली होती आणि चिडायचा तिला हक्क होता. मग मानसीच म्हणाली, “पण मग त्याने नाव कुठून आणलं वैतींचं? हवेतून तर नाही ना आणणार.”

रात्री तिने शोधून मेसेज केला आणि पाठोपाठ फोनही केला. इरावतीचा सबनीस नावाने दिलेला थीसिस कुठल्याशा ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवला होता. त्याच्या आभारात एक ओळ होती: क्षेत्रकामातल्या सोबतीबद्दल लेट मिस्टर एम. वैती यांची मी ऋणी आहे. आणि शेवटच्या प्रकरणात आणखी एक: दुसऱ्या हिवाळ्याची निरीक्षणे होऊ शकली नाहीत. “नावं जवळ दिसली की ते जुळवतं मॅडम,” मानसी म्हणाली. तिचा राग ओसरला होता. “त्याला खरं-खोटं नसतं. पुढे काय यायला हवं होतं, त्याचा अंदाज करतं.”

“पुढे काय यायला हवं होतं,” इरावती म्हणाली.

“हो. आणि लेट म्हणजे काय ते त्याला कळलंच नसेल.”

लेट. इरावतीला ती ओळ टंकलेखकाकडे देताना केलेला विचार आठवला. आणखी एखादा शब्द घालावा, असं तेव्हा फार वाटलं होतं, आणि कुठला घालावा ते सुचलं नव्हतं. तो एकटा शब्द कागदावर इतकी वर्षं पडून होता, आणि कुणीतरी येऊन तो साधा वाचला होता, उशीर झालेल्या माणसाचा वाचावा तसा. “थीसिसच्या शेवटी पहिल्या हिवाळ्याचे आकडे आहेत,” ती म्हणाली. “ते खरे आहेत. ते सगळे त्याने हाताने मोजलेले आहेत. ते घे तू.”

“पण एकाच हिवाळ्याचे?”

“एकच होता.”

शेवटच्या शनिवारी इरावती पुन्हा घाटकोपरला गेली. शरच्चंद्र म्हणाला, “मी येऊ का बरोबर?” ती नको म्हणाली, आणि मग दारातून परत येऊन, उगाचच, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करून गेली. मानसीने सगळं लपवायचं सोडून उघड करायचं ठरवलं होतं, आणि नेत्रानेही तिला अडवलं नव्हतं. “आपण सगळे हे वापरणार आहोत,” मानसी सभागृहाला म्हणाली, “म्हणून माझी चूक तुम्हाला दाखवते.” तिने तीच ओळ पडद्यावर आणली, सबनीस आणि वैती, आणि इरावतीला बोलायची विनंती केली. इरावती माईकपाशी उभी राहिली. तिने बरंच ठरवून आणलं होतं, खबरदारीचं, पुढच्या पिढीला सांगायचं. त्यातलं काही आलं नाही. “मार्तंड वैती माझ्याबरोबर एक हिवाळा खाडीत होते,” ती म्हणाली. “मग ते वारले. आम्ही दोघांनी मिळून काही लिहिलं नाही.” माईकमधून स्वतःचा आवाज परत आला तेव्हा तिला कळलं की हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. पहिल्या रांगेतल्या नेत्राने मान खाली घातली होती.

“आता हेच आपण त्याला सांगू,” मानसी घाईघाईने म्हणाली आणि टाइप करू लागली. असा निबंध अस्तित्वात नाही, सबनीस आणि वैती यांनी एकत्र काही लिहिलेलं नाही. अक्षरं उमटू लागली. क्षमस्व, आपलं बरोबर आहे. या दोघांचा एकत्रित निबंध नाही. माझ्याकडून गल्लत झाली. बहुधा मला अभिप्रेत असलेला संदर्भ पुढीलप्रमाणे: वैती, एम., १९९१. खाडीकाठच्या गावांतील खुबे वेचणाऱ्या स्त्रिया.

सभागृह खो खो हसलं. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मानसी हात पसरून “बघा, म्हणजे कळलं ना?” असं म्हणत होती, नेत्रा हसता हसता मान हलवत होती, आणि इरावती पडद्याकडे बघत उभी होती. बायकांवरच लिहिलं असतं त्याने. खुब्यांचा त्याला पुढे कंटाळा आला असता, आणि तो आईपाशी, तिच्या शेजारणींपाशी जाऊन बसला असता, गप्पा मारत. हे तिला सुचलं नव्हतं. इतके दिवस ती त्याला स्वेटर घालत होती, डोळे पिवळे करत होती, आणि हे तिला सुचलं नव्हतं. तिचं नाव ओळीतून गेलं होतं आणि तो तिच्याशिवाय पुढे चालत गेला होता, पाय न टाकता, सरकवत.

जेवणाची सुट्टी झाली. लोक उठले, खुर्च्या वाजल्या, बिर्याणीचा वास दारातून आत आला. नेत्रा म्हणाली, “चला मॅडम, ताट घेऊ या.” इरावती म्हणाली, “तू हो पुढे, येते.” सभागृह रिकामं झालं. व्यासपीठावर मानसी वायरी गुंडाळत होती. पडद्यावर ती ओळ अजून होती.

“सॉरी मॅडम,” मानसी हळूच म्हणाली. “ते असंच करतं. थांबत नाही.” तिने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. “बंद करू ना?”

इरावती व्यासपीठाच्या पायऱ्या चढून तिच्यापाशी गेली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

“थांब जरा,” ती म्हणाली. “ब्याण्णवला काय केलं त्याने, ते विचार.”